तरंगलेला मणी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पटवेकऱ्याचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. भिंतीवर रेशमाच्या लडी टांगलेल्या आणि पायाच्या अंगठ्यात दोरा ताणून तो खाली बसलेला. तुटलेल्या माळा, सैल झालेले सर त्याच्याकडे ओवायला जात. नव्या जोडप्यांना तो सांगे, "लग्नाच्या गाठी वर बांधतात. सैल झाल्या तर माझ्याकडे आणू नका, तक्रार वरच करा."

त्याच्या फळीवर काचेची एक बरणी होती. तिच्यात द्रवात ठेवलेलं एक निळं फळ. गिऱ्हाइकांना तो विचारे, "हे काय, ओळखा." जांभूळ, करवंद, काहीही म्हणत. मग तो हसून सांगे, "रुद्राक्ष. गर काढला की आत राहते ती कोय. तिच्यावर जितक्या चिरा, तितकी मुखं. आत तितके कप्पे, कप्प्यात बी. देव नंतर, आधी झाड." त्याच्या स्वतःच्या गळ्यात मात्र आजोबांची माळ कायम असे.

सासूबाई गेल्यानंतर त्यांची एकशे आठ मण्यांची माळ तुटली. मणी तेलात मुरवून नव्या रेशमात ओवायचे म्हणून मी ते सुटेच त्याच्याकडे दिले. चार दिवसांनी नणंदेला घेऊन आणायला गेले. ओवायला तो आमच्यासमोरच बसणार होता.

नणंद म्हणाली, "वहिनी, दिले तेच परत आले कशावरून? खरा रुद्राक्ष बुडतो. पाणी मागव."

त्याने पातेलं भरून पुढे ठेवलं. बाकीचे सगळे मणी बुडाले, एक तरंगला. गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाई दुकानात आल्या होत्या, आणखी दोघी होत्या. सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या.

"जुन्या मण्यातली बी सुकते, बाई," तो म्हणाला. "कप्प्यात हवा राहते. कापून दाखवू? पाचही कप्पे दिसतील."

सासूबाईंचा मणी करवतीखाली घालायचा? मी नको म्हटलं. आणि वर म्हटलं, "घरून दिले तेव्हा सगळे बुडत होते."

"पाहिलं होतंत तुम्ही?"

"पाहिलं होतं."

मी पाहिलं नव्हतं. मला तसं वाटत होतं, इतकंच. त्याने आपल्या गळ्यातली माळ काढली, दोरा कापला, एक मणी आमच्या मण्यांत टाकला आणि एकशे आठ पुरे केले. तरंगलेला मणी त्याने खिशात ठेवला. मग अंगठ्यात दोरा ताणून तो ओवायला बसला. त्याने मणी बदलला असं मी चारचौघींना सांगितलं, आणि गल्लीतल्या बायका माळा दुसरीकडे नेऊ लागल्या. दोन वर्षांत जिन्याखाली सायकली लागल्या.

मी सातवीपासून रोजनिशी लिहिते. शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली सवय. पानाच्या वरच्या अर्ध्यात पाहिलेलं, खालच्या अर्ध्यात वाटलेलं. दोन्हींची सरमिसळ केली की त्या हातावर पट्टी मारत. यंदा, यजमान गेल्यावर, जुन्या वह्या आवरायला काढल्या. त्या दुकानातल्या दिवसाच्या अकरा वर्षं आधीचं एक पान निघालं. वरच्या अर्ध्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: "माळ तुटली. सासूबाईंनी मणी पातेल्यात धुतले. एक तरंगला. म्हणाल्या, हा माझ्या लग्नापासून असाच हलका आहे."

तीस वर्षं ती वही माझ्या कपाटात होती. एकदा उघडली असती तरी पुरे होतं. पण आपलं चुकत नाही अशी माझी खात्री, आणि खात्री असलेलं माणूस वही कशाला उघडतं.

पटवेकरी आता मुलीकडे राहतो असं कळलं. गेले. त्याचे डोळे गेलेत, बोटं शाबूत आहेत. मी ते पान वाचून दाखवलं. त्याने आधी तारीख विचारली, मग म्हणाला, "परत वाचा." मी परत वाचलं.

त्याने मुलीला हाक मारून डबी आणवली. डबीत रेशमात गुंडाळलेल्या मण्याच्या दोन चकत्या होत्या. आत पाच कप्पे, आणि प्रत्येकात जिऱ्याएवढी काळी पडलेली बी.

"त्याच आठवड्यात कापला होता," तो म्हणाला. "दाखवायला कोणी आलं नाही."

मी माळ पुढे केली. "तुमचा मणी काढून घ्या."

त्याने माळ बोटांतून फिरवली, एका जागी थांबला, अंगठ्याने तो मणी चोळला आणि माळ परत माझ्या हातात दिली. "राहू दे. गाठी चांगल्या बसल्यात. ज्यांना सांगितलंत, त्यांना हे सांगा."

कोणाकोणाला सांगितलं तेही वहीत होतं. एकूण सहा जणी. नणंद गेली. आणखी तिघी गेल्या. एक मुलाकडे परदेशी आहे, तिला पत्र टाकलं, उत्तर नाही. उरल्या शिवणवाल्या बाई. त्यांच्या पलंगाशी बसून मी सगळं सांगितलं, चकत्यांसकट.

"बरं झालं गं सांगितलंस," त्या म्हणाल्या. "पण हा पटवेकरी म्हणजे कोण?"

मग मी जिन्याखालच्या जागेपासून सुरुवात केली.