उजव्या कोपऱ्यात मळलेली पोथी

हे प्रकरण मी अजून विसरलेलो नाही, आणि आठवलं की आधी राग येतो. बाकी जे काय वाटायचं ते नंतर वाटतं. शिपाई म्हणून भरती झालो, खात्याच्या परीक्षा देत देत निरीक्षक झालो. कुणाचा हात डोक्यावर नव्हता. खून, दरोडे, कापसाच्या जिनिंगमधल्या आगी, सगळं हाताळलं. पण माझ्या सेवेत माझ्याविरुद्ध जो एकच शेरा आहे, तो एका पोथीमुळे आहे. म्हणून लिहितो. नाव कुणाचंच घेणार नाही.

नोकरीची शेवटची काही वर्षं उरली होती आणि माझी नेमणूक वर्ध्यात होती. हिंगणघाटचा एक भंगारवाला मला खबर द्यायचा. चोरीची तांब्याची तार कधीमधी त्याच्या दुकानात यायची, त्यामुळे त्यालाही माझी गरज होती. एका सकाळी हजेरी आटोपतो न आटोपतो तोच तो ठाण्यात आला.

"साहेब, आमच्या इकडे एक पेंटर हाये. जुनी लुगडी घेऊन राह्यला. फाटकी."

"ब्रश पुसाले घेत असन."

"रेशमाची काऊन घेईन पुसाले? अन् त्याले लाकडी फळ्याबी पायजे. पोथी बांधाच्या. मले तं वाटते तो पोथ्या विकून राह्यला. चारशे वर्षं जुन्या."

"तुले कवापासून वर्षं समजाले लागले?"

"मले नाई समजत, म्हणून तं तुमच्याकडे आलो."

मी हे चोरीचं प्रकरण धरलं. देवळातली किंवा मठातली पोथी चोरून बाहेर विकणं हा गंभीर गुन्हा आहे. जिल्ह्यातल्या सगळ्या ठाण्यांना विचारलं, शेजारच्या जिल्ह्यांना पत्रं पाठवली. उत्तरं आली: कुठल्याही देवळातून, मठातून, घरातून पोथी गेल्याची तक्रार नाही. माझा हवालदार म्हणाला, "देवाघरची चोरी हाये साहेब, लोकं बोलत नसतीन." मी एक महिना थांबलो. कुणी आलं नाही. माल होता, चोरी नव्हती. असा माल एकाच प्रकारचा असतो, तो घरी बनवलेला असतो.

पेंटरवर पाळत ठेवली. पूर्वी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आले आणि त्याचं काम गेलं. आता दर गुरुवारी तो कापडी पिशवी घेऊन वर्ध्याची बस पकडायचा आणि पिपरी मेघेतल्या एका घरी जायचा. दोन-तीन तास बसून परत यायचा. घर एका निवृत्त प्राध्यापकांचं होतं. त्यांना मी इथे सर म्हणतो. जुन्या मराठीचे नावाजलेले अभ्यासक. वय सत्तरीच्या पुढे, पत्नी वारलेली, मुलगी परदेशात. कुठलीही जुनी पोथी खरी की खोटी हे ठरवायचं तर विदर्भातले लोक त्यांच्याकडे जायचे.

मी साध्या कपड्यांत गेलो. पोलीस आहे हे सांगितलं, पण पोथीच्या चोरीबद्दल माहिती हवी आहे एवढंच म्हणालो. सरांना माणूस आला याचाच आनंद. स्वतः चहा केला, त्यात साखर टाकायची विसरले. मी तसाच प्यालो. मग ते बोलत राहिले आणि मी मध्ये एक शब्दही घालू शकलो नाही. त्यांचं म्हणणं असं, की एक जुना संतकवी, ज्याला सगळे मराठवाड्याचा समजतात, तो आयुष्याची शेवटची वर्षं आपल्या धाम नदीच्या काठी राहिला. तीस वर्षं ते हे लिहीत होते. परिषदांमधून लोक त्यांना हसत होते.

"आणि आता पाहा, ठाणेदारसाहेब," ते म्हणाले. हात धुऊन आले आणि कपाटातून एक बासन काढलं. जुन्या रेशमी लुगड्याचं. आत दोन फळ्यांमध्ये सुटी, आडवी पानं. "कवीनं स्वतःच सांगून ठेवलंय. नदीचं नाव, घाट, समोरचं पिंपळाचं झाड. जे मी म्हणत होतो ते सगळं. पुढच्या महिन्यात पुस्तक येतंय माझं."

मला जुनी लिपी वाचता येत नाही. मी पानांच्या कडा पाहत होतो. आमच्या घरी अधिक महिन्यात वडील पोथी वाचत. पोथीचं पान सुटं असतं. ते दोन्ही हातांनी खालच्या काठाला धरायचं आणि वर उलटायचं. वर्षानुवर्षं वाचलेली पोथी त्यामुळे खालच्या काठाला दोन जागी मळते, दोन अंगठ्यांच्या. सरांच्या पोथीचं प्रत्येक पान उजव्या खालच्या कोपऱ्यात मळलेलं होतं. तसं ठाण्यातलं रजिस्टर मळतं.

हजारो पोथ्या पाहिलेल्या माणसाला हे दिसलं कसं नाही? मी सहज विचारलं, "सर, रोज हीच पानं काढून वाचता?"

"छे, पोथीला इतका त्रास देऊ नये. पहिल्याच दिवशी फोटो काढून घेतले. सगळं काम त्यांच्यावर."

फोटो टेबलावर होते. त्यांत फक्त मजकूर होता, कडा कापलेल्या. मी काही बोललो नाही. भाव कळल्याशिवाय आपण तोंड उघडायचं नाही, हे मी वडिलांबरोबर बैलबाजारात शिकलो होतो.

दुसऱ्या दिवशी दोन पंच घेऊन पेंटरच्या घरी झडती घेतली. चहाच्या पाण्याचं ताट, दिव्याची काजळी, बाभळीचा डिंक, चुलीच्या धुरावर टांगलेली कोरी पानं. पंचनामा केला, एक अर्धवट लिहिलेली पोथी चौकशीसाठी वेगळी काढली, बाकी मुद्देमाल लाखबंद केला. बोरूंच्या डब्याखाली दोनशे पानी शाळेची वही सापडली. ती मी वरवर चाळली आणि बाजूला ठेवली.

पेंटर ठाण्यात पहिले चार तास गप्प होता. काहींना आवाज चढवून बोलतं करता येतं. माझा आवाज तसाही चढलेलाच असतो, पण याच्यावर त्याचा परिणाम नव्हता. शेवटी मी त्याच्याच हातची ती अर्धवट पोथी त्याच्यासमोर ठेवली.

"वाच."

त्यानं वाचलं. छान वाचलं. पान संपलं तसं त्यानं बोट ओलं केलं आणि उजवा कोपरा धरून पान उलटलं. हवालदार हसायला लागला. "अबे, पोथी अशी उलटतेत का? घरी कोणी वाचली नाई वाटते तुह्या."

पेंटरनं हातातल्या पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाट्या रंगवणारा माणूस होता, चूक कुठे झाली ते त्याला लगेच दिसलं. "नाई जी," तो म्हणाला. "आमच्या घरी कोण वाचन. म्या कपाटातल्याच पाह्यल्या, सरांच्या. अक्षरबी त्याच्यावरूनच शिकलो."

त्यानंतर तो बोलला. "पह्यले एकच पान घेऊन गेलतो साहेब. म्हटलं, सर, हे काय हाये पाहा बरं. सर रडले. म्या एकदाबी नाई म्हटलं का हे जुनं हाये. तेच म्हणे."

"अन् दर गुरुवारी काऊन जात होता?"

"सर बोलत. म्या आयकत होतो."

"आयकाले जात होता का लिहाले?"

मी वही उघडली. प्रत्येक गुरुवारी सर काय बोलले ते त्यात सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं. कवी कोणत्या घाटावर बसत असावा, समोर कोणतं झाड असावं, गुरूचं नाव काय असावं. खाली पेन्सिलनं खूण: किती पानं लिहून झाली. सरांचंच बोलणं धुरावर धरून, जुनं करून त्यानं सरांच्या हातात ठेवलं होतं.

सरांनी खरी ठरवल्यामुळे आणखी दोन पोथ्या विकल्या गेल्या होत्या, एक ग्रंथालयाला आणि एक एका देवस्थानच्या विश्वस्ताला. ते दोघेही हसं होईल म्हणून फिर्याद द्यायला तयार नव्हते. आता सगळं सरांवर होतं. त्यांनी फिर्याद दिली तर गुन्हा उभा राहणार होता, पण तीस वर्षांत मिळवलेलं नाव आणि यायचं पुस्तक दोन्ही जाणार होतं.

इथे मी चूक केली. सर फोन उचलत नव्हते. दोन दिवस वाट पाहून मी जीप पाठवली. त्या वयाच्या माणसाचा जबाब त्याच्या घरी जाऊन घ्यायचा असतो, हा नियम मला पाठ होता. पण वरून विचारणा चालू होती, आणि मला हे प्रकरण गुन्हे शाखेच्या हाती जाऊ द्यायचं नव्हतं. भर दुपारी दोन शिपाई सरांना घेऊन निघाले आणि सगळ्या गल्लीनं पाहिलं.

सर माझ्यासमोर बसले. मी वही वाचून दाखवली. सहाव्या गुरुवारपर्यंत ते ऐकत होते.

"पुरे," ते म्हणाले. "पिंपळ मीच सांगितला होता. आवडायचा मला."

"मग द्या फिर्याद."

"तो चांगला ऐकायचा हो. मध्येच प्रश्न विचारायचा. आमच्या विभागातसुद्धा कुणी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटला. तुमच्या शब्दावर लोकांनी पोथ्या घेतल्या, उद्या या खोट्या पोथीवर पोरं पदव्या घेतील, तेव्हा कोण जबाबदार, असं बरंच बोललो. ठाण्यातले सगळे बघत होते. सर उठले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी कागद मागितला आणि स्वतःच्या हातानं चार पानं फिर्याद लिहिली. एकही गोष्ट लपवली नाही. त्याच रात्री प्रकाशकालाही कळवलं की पुस्तक थांबवा.

वर्तमानपत्रात फोटो आला तो वरच्या साहेबांचा. आरोपपत्र मी लिहिलं.

खटला उभा राहिला तेव्हा आरोपीच्या वकिलानं उलटतपासणीत सरांना दोनच गोष्टी विचारल्या.

"पोथी प्राचीन आहे असं आरोपी कधी म्हणाला का?"

सरकारी वकिलांनी सरांना नीट समजावून ठेवलं होतं. सर म्हणाले, "नाही. तो काहीच म्हणाला नाही. प्राचीन आहे असं मी त्याला सांगितलं. पैसेही मी आपणहून दिले."

"तुम्हाला पोलिसांच्या गाडीतून ठाण्यात नेलं होतं?"

"हो."

वहीबद्दल तो वकील म्हणाला, विद्यार्थ्यानं टिपणं काढणं हा गुन्हा नाही. फसवण्याचा हेतू सिद्ध होत नाही म्हणून आरोपी सुटला, आणि ज्येष्ठ साक्षीदाराशी वागण्याच्या पद्धतीबद्दल माझ्यावर शेरा आला.

कोर्टाच्या आवारात मी सरांना गाठलं. "एवढं सगळं केलं ते याच्यासाठी? जे विचारलं त्याला 'आठवत नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं."

"साहेब," ते म्हणाले, "तीस वर्षं मला जे खरं असावंसं वाटत होतं तेच मी सांगत आलो. आज म्हटलं, जे झालं तेवढंच सांगू." मग म्हणाले, "मला पिपरीला सोडता का? रिक्षा मिळत नाही." मी नाही म्हणालो. कामाचं कारण दिलं. काम काही नव्हतं.

पुढे हवालदारानं सांगितलं, की सरांकडे आता कुणी पोथी दाखवायला येत नाही. शेजारचे बोलत नाहीत, जीप सगळ्यांनी पाहिली होती. "पण पेंटर जाते साहेब. पिशवी नाई घेऊन जात आता. बसतेत दोघं." ऐकून मी हवालदारावरच ओरडलो. सर गेल्याचंही मला चार दिवसांनी कळलं.

या प्रकरणानं काय शिकवलं असं लोक विचारतात. खोट्या कागदाची पारख मला पूर्वीही होती. मला समजलं ते एवढंच, की माणसाला फसवायला हुशारी फार लागत नाही. त्याचं ऐकून घ्यायला कुणी नाही हे कळलं की अर्धं काम होतं. पोलिसांनी फिर्यादीचा कागद करण्याआधी थोडा वेळ त्या माणसाजवळ बसावं, असं आज मी नव्या अधिकाऱ्यांना सांगतो. ते मान डोलावतात आणि घड्याळ पाहतात.

निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. बायको गेली, मुलगा पुण्याला असतो. सध्या माझ्याकडे प्लॉट विकणारा एक गृहस्थ येतो. सेवाग्राम रस्त्याकडे लेआउट पडलाय म्हणतो. कागद मी पहिल्याच दिवशी पाहिले, त्यांत दम नाही. ते त्यालाही माहीत असावं. तो माझ्या जुन्या केसेस ऐकतो आणि बरोबर जागी विचारतो, "मंग काय झालं साहेब?" मी त्याच्याशी भाव करतो. मी फुटामागे अडीचशे रुपये कमी करायला सांगतो, तो विचारून सांगतो म्हणतो. सौदा एका बैठकीत मोडणं मला येतं, आयुष्यभर तेच केलं. पण अजून मी नाही म्हटलेलं नाही. परवा पुन्हा येतो म्हणाला. मी साखर आणून ठेवली आहे.