दोन गदांचं टोकन

मंडळी, आज माझी जिरली. उद्या बापू गावभर सांगेलच, म्हणून आधी मीच सांगतो.

आमच्या वॉशिंग सेंटरवर गाडी आतून साफ करायचं व्हॅक्युम आहे. नाणं टाकलं की सुरू व्हायचं. नवी नाणी वेगळ्या मापाची आली आणि मशीन ती थुंकायला लागलं. समोरच्या वॉशिंगवाल्या बापूनं लगेच आपलं मशीन पितळी टोकनवर आणलं. टोकनवर गदा! लोकांना एवढी आवडली की माझ्या सख्ख्या मेहुण्यानंसुद्धा ते टोकन किल्लीला अडकवलं.

माझ्या पोटात असं दुखलं म्हणून सांगू! तडक बापूची टोकनं बनवणाऱ्या लेथवाल्याकडंच गेलो. म्हटलं, "माझं टोकन डिट्टो बापूसारखं कर, फक्त गदा दोन."

आज मोठ्या हौसेनं माझ्या मशीनचा डबा उघडला, तर आत सगळी एका गदेची टोकनं! लेथवाल्यानं मापही डिट्टो ठेवलं होतं. बापूकडं गर्दी दिसली की त्याची गिऱ्हाइकं त्याला पैसे देऊन घेतलेलं टोकन माझ्या मशीनमध्ये टाकत होती.

तणतणत रस्ता ओलांडला. "बापू, तुझी टोकनं माझ्यात चालतात!"

"चालू द्या की अण्णा! तुमचीबी आमच्यात चालतील की."

"मग आली किती?"

"एकबी न्हाय अजून," बापू हळूच म्हणाला आणि वर माझ्यासाठी चहा सांगितला.

तर मंडळी, माझं टोकन कुणाला हवंय का? फुकट देतो. फक्त ते किल्लीला अडकवा आणि बापूच्या दारावरून जाताना जरा वाजवत जा.