कोळ्याला बायकोचं नाव

दिग्रसहून सकाळच्या एसटीनं निघालो, तेव्हा शेजारचा म्हणाला, "कापसाले भाव नाही अन् तू कोळी धराले चालला?"

"मी घरी बसून राह्यलो तं भाव चढते काय?" म्हटलं अन् गाडीत चढलो.

सोबत कॉलेजात शिकवणाऱ्या मॅडम होत्या. बायको दवाखान्यात होती त्या साली माझ्या कपाशीवर फवारणी राहून गेली. बायको गेली, कोळी वाचले. त्यातली एक मादी मॅडमला सापडली. याला लांडगा-कोळी म्हणतात. जाळं विणत नाही, धावून शिकार धरतो. माय पिल्लं पाठीवर घेऊन फिरते. ही जात शास्त्रात कुठं लिहिलेलीच नव्हती म्हणे. पण नर पाहिल्याशिवाय मॅडम नाव देईनात. मी रोखठोक सांगितलं, "नर मी दाखवतो. बायकोच्या माहेरी पाहिलेत असले. पण नाव तिचंच लागलं पाहिजे. कमल." त्या कबूल झाल्या.

यवतमाळ, पांढरकवडा, पुढं जीप. झरी जामणीकडं सागाचं जंगल लागलं अन् जीप पंक्चर झाली. उरलेली वाट पायी. मॅडम दमल्या, मी नाही.

सासुरवाडीत आकडसासूनं (बायकोच्या मोठ्या बहिणीनं) आंबाडीची भाजी अन् भाकर वाढली. मग तिघं धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) गेलो. वाळल्या पानांतून एक कोळी सुसाट पळाला. मी डोक्यावरची टोपी काढून हाणली त्याच्यावर.

"चेंगराल काका!"

टोपी उचलली, तर जिता. मॅडमनं भिंगातून पाहिलं. "नर आहे! कॉलेजात पुन्हा तपासते, पण तोच दिसतो. चला, कमल नाव पक्कं."

"कोण कमल?" आकडसासू म्हणाली. "आमची तं गिरजा होती."

मी मॅडमला सांगितलं, "आमच्या मोठ्या वहिनीचं नाव गिरजा. एका घरात दोन गिरजा कशा चालतील? म्हणून लग्नात मीच तांदळात बोटानं कमल लिहिलं."

"पोरगी देली होती जवाई," आकडसासू म्हणाली, "नाव नोतं देलं."

मॅडम हसल्या. "आमच्या शास्त्रात पहिलं ठेवलेलं नावच टिकतं. मागून कोणी दुसरं ठेवलं, तरी पहिलंच धरतात."

परतीच्या गाडीत ध्यानात आलं. ठेवलेलं कमल हे नावही मी कधी तोंडानं घेतलं नाही. जन्मभर नुसतं 'अवं' म्हटलं. तिनं ओ दिली, संसार झाला. आमच्याकडं सगळ्यांचंच असं.

यवतमाळ आलं तेव्हा म्हटलं, "मॅडम, गिरजा लिहा."

"विचार करा काका. एकदा छापलं की बदलता येत नाही."

"एकदा बदललं, तेवढं पुरे."

आता हा कोळी कुठंही सापडो, शिकल्यासवरल्या माणसांना गिरजा म्हणावंच लागेल. माझ्याच्यानं झालं नाही, ते लोक करतील.