बर्फ पडेपर्यंत गप्प

माझ्या बाबांपुढे कपाळ बडवावं तेवढं थोडं! डॉक्टर चंद्रशेखर रेगे. चाळीस वर्षं इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत लोकांची हाडं जोडली, रिटायर झाले, आई गेली आणि घर खायला उठलं. मीच खटपट करून त्यांना एका छोट्या खासगी म्युझियममध्ये व्हॉलंटिअर म्हणून चिकटवलं. गळ्यात बॅज आला आणि माणूस पुन्हा रोज दाढी करायला लागला.

तिथे कॅनडाच्या अनिशिनाबे आदिवासी लोकांची एक जुनी पिशवी आहे. तिच्यावर साळिंदराच्या काट्यांनी काढलेला थंडरबर्ड, त्यांच्या गोष्टींतला पक्षी. त्याने पंख हलवले की गडगडाट, डोळे मिचकावले की वीज. "आपला गरुडच हो हा!" असं बाबा दिसेल त्याला सांगत सुटायचे. असं सांगू नका म्हणून म्युझियमच्या मॅनेजरबाईंनी हात जोडले, मी जोडले. पालथ्या घड्यावर पाणी.

जुलैत त्याच लोकांतल्या लोरेनबाई पिशवी बघायला आल्या, तर बाबांनी त्यांनाच गोष्ट सांगायला घेतली! बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "डॉक्टर, या गोष्टी आम्ही फक्त बर्फ असताना सांगतो. उन्हाळ्यात ते थंडरबर्ड इथेच असतात. ऐकतात."

बाबांचा चेहरा पडला. गाडीत म्हणाले, "तुझ्या आजीनं शुक्रवारची कहाणी श्रावणाबाहेर कधी सांगितली नाही. आणि मी बघ!"

झालं! ऑगस्टच्या सुट्टीत मुलांसाठी थंडरबर्डची गोष्ट ठरलेली, पोस्टरवर बाबांचा फोटो. बाबा म्हणाले, सांगणार नाही. मॅनेजरबाई म्हणाल्या, मग बॅज परत द्या.

"अहो बाबा, दहा मिनिटांचा प्रश्न आहे! जन्मभर तोंड मिटलं नाहीत, आत्ताच बरी वाचा बसली?"

"गोष्ट त्यांची, उल्का. वेळही त्यांनीच ठरवायची."

त्यांनी बॅज काढून टेबलावर ठेवला. मला रागानं रडूच फुटलं. त्यानंतर पुन्हा दाढी वाढली, पुन्हा दिवसभर टीव्ही.

जानेवारीत एकदा सकाळी सातला फोन. "ईशानीला घेऊन ये. बर्फ पडलाय."

"बाबा, तिची शाळा आहे! माझं ऑफिस आहे!"

"वितळेल गं तोवर."

चडफडत गेले. दार उघडलं तर बाबांची दाढी गुळगुळीत. माझ्या लेकीला त्यांनी खिडकीशी बसवलं. "ही गोष्ट माझी नाही हं. लोरेनबाईंना पत्र लिहून विचारलं, बर्फ पडला की सांगा म्हणाल्या."

"आजोबा, तो गरुड ना?"

"नाही बाळा. तो गरुड नाही."

मी ऑफिसला येत नसल्याचं कळवलं आणि कोट न काढताच खाली बसले.