आवडाबाईंचं आलं

मला राग लवकर येतो, हे आमच्या कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे. मी कोर्टात टायपिस्ट होते. दिवसभर लोकांची भांडणं टाइप करून करून माझीही जीभ तिखट झाली. पण आवडाबाईंबद्दल कुणी वाकडं बोललं, तर आजही माझा पारा चढतो, आणि तो चढलाच पाहिजे.

शहराच्या कडेला, गारखेड्याच्या पलीकडं पूर्वी ज्वारीची रानं होती. तिथं प्लॉट पडले, घरं उठली आणि आमची कॉलनी झाली. घरं वाढली, नळ वाढले, पाणी तेवढंच. त्यात दुष्काळाची सालं. नळ आठवड्यानं यायचा, तोही लहर लागली तर. म्हणून आम्ही बायकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला, 'पाणी आलं का?' या नावाचा. जिच्या नळाला पहिली धार लागेल तिनं ग्रुपवर एकच शब्द टाकायचा, 'आलं'. तो दिसला की हातातलं काम सोडून सगळ्या नळावर.

आवडाबाई वैजापूरकडच्या. त्यांचे मालक आप्पासाहेब वाळूजला कंपनीत. बाईंना टाइप करता येत नव्हतं, म्हणून त्या बोलून पाठवायच्या. रोज सकाळी चहाबरोबर त्यांचा आवाज ठरलेला. "ऐका गं बायांनो! तांदूळ धुतलेलं पाणी मोरीत वतू नका, कढीपत्त्याला घाला, लई फुटतो." कधी फिल्टरच्या नळीतून वाया जाणाऱ्या पाण्याखाली बादली लावायला सांगत, फरशी पुसून होते म्हणून. कधी लिंबाच्या सालीनं तांब्याचा हंडा घासायला. मध्येच आप्पासाहेब खोकायचे, कुकरची शिट्टी व्हायची, तेही सगळं यायचं. बायका ते पुढं माहेरी-सासरी पाठवायच्या. एकदा औरंगपुऱ्यात साडीच्या दुकानात एक अनोळखी बाई आमच्या कॉलनीचं नाव ऐकून मला म्हणाली, "त्या 'ऐका गं बायांनो'वाल्या तुमच्याच गल्लीतल्या ना?" मला काय आनंद झाला म्हणून सांगू! साडी न घेताच घरी आले आणि त्यांना सांगितलं.

फक्त एका बाबतीत त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. आमच्याकडं नळ आला की घरातलं साठवलेलं पाणी एका क्षणात 'शिळं' होतं. ते ओतून द्यायचं, ड्रम घासायचा, ताजं भरायचं. आवडाबाई कळवळून सांगायच्या, "शिळ्या भाकरीचे कुटके बोटं चाटून खाता, आन् पाणी शिळं म्हणून सांडता? झाकलेलं पाणी कुठं शिळं होतंय व्हय?" बायका हसायच्या, अंगठे पाठवायच्या आणि पाणी सांडायच्या. समोरच्या गोजरबाई सगळ्यात पुढं. "माझ्या सासूनं सांडलं, मी बी सांडणार," असा त्यांचा खाक्या.

त्या उन्हाळ्यात आवडाबाईंचा फोन कणकेच्या परातीत पडला. पुसला, वाळवला, पण त्यांचं बोलणं काही त्यात शिरेना. बाई कासावीस झाल्या. मग मी त्यांना टाइप करायला शिकवलं. पोरीसारखा हट्ट! एकेक अक्षर शोधायचं आणि सापडलं की टाळी वाजवायची.

त्यांनी टाइप केलेला पहिला सल्ला आल्याचा होता. शहागंजातून त्यांनी पिशवीभर आलं आणलं होतं आणि ते कसं टिकवायचं हे सगळ्यांना सांगायचं होतं. त्यांनी 'आलं' लिहिलं आणि बोट चुकून पाठवायच्या खुणेवर पडलं. पुढं त्या शांतपणे 'वाळूत' मधला 'ळू' शोधत बसल्या.

तोवर गल्लीत धांदल उडाली. त्या दिवशी नळाची पाळी होतीच. ग्रुपवर 'आलं' दिसलं आणि झालं! हंडे पालथे, ड्रम आडवे, गटारीला पूर. गोजरबाईंनी तर सगळं घर कोरडं केलं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांच्या लेकीच्या, संस्कृतीच्या बाळाचं बारसं होतं आणि त्यांना सगळं ताजं हवं होतं. सगळ्या नळ उघडून उभ्या. नळातून नुसती हवा. आणि तेवढ्यात ग्रुपवर दुसरा निरोप, "वाळूत पुरून ठेवलं तर महिनाभर टिकतं."

वर आणखी कळलं, मोठी पाइपलाइन फुटली, नळ केव्हा येईल सांगता येत नाही. टँकरवाले फोन उचलेनात. गोजरबाईंच्या घरात बाळंतीण, पाळण्यात बाळ, दारात उद्याचं कार्य आणि प्यायला तांब्याभर पाणी नाही.

मी कोर्टातून आले तेव्हा गोजरबाई रस्त्यात उभ्या राहून ओरडत होत्या, "तुझ्या आल्याला आग लागो, आवडे! माझ्या नातवाला न्हाऊ कशानं घालू?" मी पिशवी तिथंच टाकली आणि म्हणाले, "सांडायला तिनं सांगितलं होतं का? ती तर सांडू नका म्हणून घसा फोडत होती!" आवडाबाईंनी माझा दंड धरला. म्हणाल्या, "भानुताई, गप बसा. भांडून ड्रम भरतो व्हय? चूक माझी हाय."

त्यांच्या घरात दोन ड्रम भरलेले होते, झाकून, फडकं बांधून. का नसणार? त्यांनी कधी सांडलंच नव्हतं! पहिला हंडा स्वतः कमरेवर घेऊन त्या गोजरबाईंच्या मोरीत ठेवून आल्या. मग दारात बसून कळशी कळशी वाटलं. ज्यांनी शिव्या दिल्या त्यांनाही दिलं. बारसं झालं, बाळ न्हालं, बायका जेवल्या, ते सगळं त्या शिळ्या पाण्यावर. आवडाबाई आणि आप्पासाहेब ओल्या फडक्यानं अंग पुसून राहिले. एवढं मोठं काळीज मी तरी दुसरं पाहिलं नाही.

पण त्यांनी ग्रुप सोडला. फोन दुरुस्त करून आणला, तरी बोलायच्या नाहीत. "माझ्यामुळं तान्हं लेकरू तहानलं असतं," एवढंच म्हणायच्या. सकाळचा चहा मला कडू लागायला लागला. मी समजावलं, रागावले, शेवटी रडलेसुद्धा. नाही म्हणजे नाही.

मग टँकरवर दिवस काढता काढता एका सकाळी खरोखरच नळ आला. गल्लीत हाकाटी झाली. गोजरबाई सवयीनं अर्धा हंडा उचलून पायरीवर आल्या. हंडा तिरका झाला, काठाला पाणी आलं, आणि हात थांबला. मी माझ्या ओट्यावरून बघत होते. त्यांनी हंडा सरळ केला, पदर सावरला आणि समोरच्या दाराकडं तोंड करून हाक मारली.

"आवडे, ए आवडे! हे कालचं पाणी हाय गं. ह्याचं काय करू, सांग की."

दार उघडलं. आवडाबाई उंबऱ्यावर आल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "प्या की, अक्का."

गोजरबाई तिथंच पायरीवर बसून तांब्याभर पाणी प्यायल्या.