कचऱ्याच्या डब्यामागची शेजारीण

नेदरलँड्समधल्या आल्मेरेत आमच्या शेजारी राहणाऱ्या आयरिश म्हातारीइतकी दुसऱ्याच्या नशिबाची राखण करणारी बाई मी उभ्या जन्मात पाहिली नाही. मी चौथी शिकलेला. वीस वर्षं आखातात वेल्डिंग केलं, तिथलं मोडकं इंग्रजी घेऊन म्हातारपणी बायकोसह मुलाकडे आलो. तेवढं हिच्याशी भांडायला पुरतं. नवे बूट टेबलावर ठेवणं अशुभ, म्हणून बागेतल्या टेबलावरचा मुलाच्या बुटांचा खोका तिने कुंपणावरून काठी घालून खाली पाडला. एकटा मॅगपाय पक्षी दिसला की सलाम ठोकून विचारते, "मिस्टर, बायको कशी आहे?" म्हणजे म्हणे वाईट टळतं. कोरोनाच्या पहिल्या लाटेत माझी बायको गेली, तेव्हापासून मी बागेत असलो की नुसता सलाम करते.

पण तिचं खरं दुखणं वेगळंच. बाहेर निघालेल्या माणसाला तांबड्या केसांची बाई आडवी आली की काम बिघडतं, असं तिच्या गावात मानतात, आणि हिचेच केस तांबडे! म्हणून गल्लीत कुणी निघालं की ही डोक्याला टॉवेल गुंडाळून कचऱ्याच्या डब्यामागे दडते. मी म्हटलं, "बाई, पिकलेत ना आता? रंगवतेस कशाला?" तर म्हणाली, "पांढरे ठेवले तर लोक बेसावध राहतील!" आमच्या गावात विधवेला बाजूला सारायचे, मीही सारलंय. ही आपणहून सरते.

वर्षभर मी बागेपलीकडे गेलो नाही. लशीचं पत्र आलं तेव्हा म्हणालो, "नाही घेत. जगायचंय कुणासाठी?" मुलगा रडला, म्हणून कपडे चढवले. पण दारात पाय अडले. कुठेही निघालो की बायको समोर येऊन तळहातावर दही ठेवायची. मुलाला म्हटलं, "राहू दे, आत चल."

तेवढ्यात डब्यामागून आवाज आला, "गेलास का रे? गुडघे मोडले माझे!"

"ऊठ. समोर ये."

"वेड लागलं? आज? मी तांबडी!"

"तांबडी तर तांबडी. निघताना माणसाला समोर कुणीतरी लागतं."

डोक्याचा टॉवेल काढून, दीड मीटर अंतर राखून, ती परीक्षेला बसल्यासारखी उभी राहिली. मी निघालो. दंड दुखला, बाकी काही बिघडलं नाही.

दही नाही, पण अजूनही कुठे निघालो की कुंपणाशी थांबतो, ती समोर येईपर्यंत.