‘echo लावला का?’ विचारणारी सुषमा

सुषमाचा लॅपटॉप उद्या कंपनीकडे परत जाणार आहे. तिच्या धाकट्या भावानं, राहुलनं, आज सकाळी फोन करून पक्कं सांगितलं.

सुषमा मागच्या आठवड्यात गेली. ज्यांना अजून कळलं नसेल, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

रक्ताचा सिकलसेल आजार होता. शाळेत असल्यापासून तिला तो माहीत होता. दुखणं उठलं की ती खाटेवर उशी लावून काम करायची. या वेळी छातीत दुखलं. नागपूरच्या दवाखान्यातून ती परत आली नाही.

ती ज्या कंपनीत होती, तिच्यातर्फे आमच्या छोट्याशा न्यूज पोर्टलची वेबसाइट सांभाळायची. गोंदियाच्या ऑफिसात ती क्वचितच आली. इटियाडोह धरणाच्या कालव्याजवळच्या गावातून, घरूनच सगळं चालायचं.

पहिल्यांदा आली, तेव्हा मी वार्ताहरांचे फोटो एकेक करून रिनेम करत होतो. रोजचंच काम.

“दादा, हे सारं हातानं करून राहिले तुम्ही? कायले?”

“मग कशानं करू?”

“बोटं बातमीसाठी ठेवा.”

तिनं टर्मिनलच्या काळ्या स्क्रीनवर एक ओळ लिहिली आणि सगळ्या फोटोंना गावाचं नाव लागलं. मी तीच ओळ पुन्हा मारायला गेलो, तर माझा हात धरला.

“आधी echo लावा. echo लावला की मशीन काम करत नाही, का करणार ते फक्त बोलून दाखवते. पाहून घ्या. पटलं तं echo काढा, मंग एंटर मारा.”

त्यानंतर कितीही घाईत फोन केला, तरी तिचा पहिला प्रश्न ठरलेला.

“echo लावला का?”

आपल्यापैकी बरेच जण तिला तिच्या ग्रुपमुळे ओळखतात. रोज कॉम्प्युटरची एक कमांड, मिनिटभराची ऑडिओ क्लिप, आपल्या झाडीबोलीत. पुण्याला, हैदराबादला नोकरीला गेलेली आपली पोरं बसमध्ये ऐकायची.

“तांदूळ निवडता न घरी? grep म्हणजे मले फक्त खडे दाखव. grep -v म्हणजे खडे सोडून बाकी सारं दाखव. झालं. यात घाबरावाचं का हाय?”

एकदा मी तिच्या घरी होतो. काकू, म्हणजे तिची आई, दारात लाखोळीच्या शेंगा सोलत होत्या. सुषमा फोनवर कुणाला तरी तोच प्रश्न विचारत होती.

काकू म्हणाल्या, “उद्या नवरदेव पाहाले आला, तं त्यालेही विचारशीन. echo लावला का?”

“विचारीनच. पाहूनच घेतलं पायजे न.”

आज दुपारी त्याच घरी गेलो.

कंपनीचा निरोप होता, खाजगी जे असेल ते काढून घ्या. काकूंचं एकच म्हणणं होतं. “तिचा आवाज मले पायजे, भाऊ. अना तिकडं कोणाच्या हाती तो नाही गेला पायजे.”

म्हणजे आधी क्लिप पेन ड्राइव्हवर घ्यायच्या, मग लॅपटॉपवरून पुसायच्या.

राहुलनं पासवर्ड टाकला. क्लिपचं फोल्डर सापडलं. सगळ्या mp3 कॉपी केल्या, दोन-तीन लावून पाहिल्या. वाजत होत्या. मग त्या फोल्डरमधलं सगळं पुसायला टाइप केलं:

rm *

एंटरवर बोट गेलं होतं.

“echo लावला का?”

काकू मागं खाटेवर बसल्या होत्या. स्क्रीनकडे त्यांचं लक्षही नव्हतं. rm काय असतं हे त्यांना माहीत नाही. मुलगी या वेळी काय विचारते, तेवढं माहीत होतं.

मी ओळ पुसली. पुन्हा लिहिली:

echo rm *

काय काय पुसलं जाणार, त्याची नावं आली. awk.mp3, cut.mp3, find.mp3, grep.mp3... आणि त्या सगळ्यांच्या आधी:

aai-bolli-1.m4a
aai-bolli-2.m4a
aai-bolli-3.m4a

अशा बऱ्याच. या मी घेतल्याच नव्हत्या. ग्रुपवर जायची तेवढी क्लिप ती mp3 करायची. या मात्र, फोनवर रेकॉर्ड झाल्या तशाच, पडून होत्या.

पहिली लावली.

“आज आपण find पाहू. कोणती फाइल कुठं ठेवली ते—”

मागून काकूंचा आवाज. “सुषमे, भात थंडा होऊन राहिला.”

“आई, रेकार्डिंग चालू हाय न वं.”

“तं मंग? रेकार्डिंग जेवते का?”

मग सुषमाचं हसू. तिथंच क्लिप संपली.



“मी मधातच बोलत होती,” काकू म्हणाल्या.

राहुल म्हणाला, “म्हणून ग्रुपवर नाही टाकल्या तिनं.”

“पण फेकल्याही नाही.”

मग म्हणाल्या, “दुसरी लाव.”

आम्ही सगळ्या ऐकल्या. एकीत कुकरची शिट्टी आहे. एकीत काकू नुसत्याच विचारतात, “दुखून राहिलं का?” आणि ती म्हणते, “नाही.” आवाजावरून कळतं की दुखत होतं.

त्याही पेन ड्राइव्हवर घेतल्या. पुन्हा echo लावून पाहिलं, नावं एकेक करून जुळवली. मग echo काढला आणि काकूंकडे पाहिलं.

“मार,” त्या म्हणाल्या.

एंटर मारला. काही आलं नाही, नुसता कर्सर लुकलुकत राहिला. काम बरोबर झालं की टर्मिनल बोलत नाही, हेही तिनंच सांगितलं होतं.

उद्या कुरिअरवाला लॅपटॉप घेऊन जाईल. रविवारी सकाळी गावच्या बुद्धविहारात तिची श्रद्धांजली आणि पुण्यानुमोदन आहे. येता येईल त्यांनी या. काकूंनी सांगितलंय की त्या दिवशी ग्रुपवर या राहिलेल्या क्लिप टाकायच्या. “चांगल्या साऱ्यायनं आयकल्या. आता माह्या बोलण्याच्या आयकू दे.”

सुषमा, echo लावला होता. आईनं आठवण करून दिली.

जय भीम.